उलट्या लवेची बाही

ट्रायलला ब्लाऊज अंगात घातला आणि आरशात पाहिलं, तर डावी बाही विटकरी आणि उजवी काळपट लाल. एकाच ताग्यातलं कापड, एकाच दिवशी बेतलेलं. दुकानातली मुलगी म्हणाली, "काकू, लाइटमुळे तसं वाटतंय." मी तेहतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. लाइटमुळे काय वाटतं हे पोरांना समजावण्यातच माझी हयात गेली. मी काही न बोलता दोन्ही बाह्यांवरून खांद्यापासून कोपरापर्यंत हात फिरवला. डावीवरून हात सरकन खाली आला, उजवीवर अडला.

मखमलीला लव असते. मांजराच्या पाठीसारखी. एका अंगाने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. लवेचं तोंड खाली असलं की कापड उजळ दिसतं, वर असलं की गडद. मास्तरांनी मार्किंग करताना वीतभर कापड वाचवायला एक बाही सुलटी आणि एक उलटी आखली होती. त्यावर कारागिरांनी अठरा दिवस जरीचं काम केलं. म्हणजे चूक उसवून दुरुस्त होण्यातली नव्हती. बाहीच नवी करावी लागणार होती, भरतकामासकट. लग्नाला राहिले होते तेवीस दिवस.

ही झाली तक्रार. आधीच सांगून टाकली, म्हणजे पुढे मी कौतुक करायला लागले की कोणी म्हणायला नको, बाई दुकानदाराच्या नात्यातली दिसते. दुकानाचं नाव मात्र लिहीत नाही. एक तर बाहीच्या प्रकरणाला नाव चिकटवणं मला बरं वाटत नाही. दुसरं म्हणजे मालकीणच म्हणाली, "काकू, नाव नका टाकू. मार्चपर्यंत आम्हाला जेवायला वेळ नाही." ठाण्यात जांभळी नाक्याकडून आत शिरलं की अस्तरं, लेस, लटकनं यांची दुकानं एकाला एक लागून आहेत, तिथलीच एक गल्ली. खाली कापड, वर पोटमाळ्यावर कारखाना. वर जायचा जिना इतका उभा की पहिल्या दिवशी गुडघ्यांनी तिथूनच परत फिरायचा ठराव मांडला होता.

डिसेंबरात मुलाचं लग्न होतं आणि मी वरमाई. साडीचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंची मोतिया पैठणी तीस वर्षं कपाटात घड्या बदलून बदलून याच दिवसाची वाट बघत होती. प्रश्न ब्लाऊजचा. होणारी सून म्हणाली, "आई, वेल्वेट घ्या ना, सध्या सगळ्या घेतात." मी एका झटक्यात हो म्हटलं. तिला वाटलं, सासू मॉडर्न आहे. मी तिचा गैरसमज दूर केला नाही, पण खरं कारण फ्लॉरेन्समध्ये होतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं युरोप टूरला गेलो. उफ्फिझी गॅलरीसाठी दीड तास दिला होता. त्यातली पंचवीस मिनिटं मी एकाच बाईसमोर उभी होते. ब्राँझिनोने १५४५ च्या सुमारास काढलेलं एलिओनोरा दी तोलेदोचं चित्र. नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची मुलगी, १५३९ साली फ्लॉरेन्सच्या कोसिमो मेदिचीला दिलेली. शेजारी तिचा लहानगा उभा आहे, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही. थोड्या वेळाने तिचं तोंडही विसरायला होतं. नजर खिळते ती झग्यावर. पांढरं रेशीम, त्यावर काळ्या मखमलीची वेलबुट्टी, आणि छातीच्या मधोमध हे एवढं सोन्याचं डाळिंब. ग्रुपमधले एक काका मागून म्हणाले, "पडद्याचं कापड वाटतंय." वाटतं खरं. ही नक्षी आपण पडद्यांवर आणि सोफ्यांवरच पाहिलेली, नक्कल होत होत खाली आलेली.

पण जवळ जाऊन पाहिलं, गार्ड खाकरेपर्यंत जवळ, तर ब्राँझिनोने सोनं नुसतं पिवळ्या रंगाने भरलेलं नाही. बारीक बारीक वेटोळी काढलीत, एकेक सुटं. कापडात ती तशीच असायची म्हणून. मखमल विणताना ताण्याचे, म्हणजे उभे, जादा धागे एका सळईवरून घेतात. सळईवरच्या फाशांवर पातं फिरवलं की फासे कापले जातात आणि लव उभी राहते. न कापता सळई नुसती ओढून घेतली तर फासे तसेच राहतात. इटालियन विणकर एकाच कापडात दोन्ही करायचे, शिवाय लव दोन उंचीची ठेवायचे. म्हणजे सगळं कापड एकाच रंगाचं असलं तरी नक्षी नुसत्या चढउतारावर उमटायची. आणि या सगळ्यातून मधूनमधून बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सोन्याच्या तारेचे फासे वर काढायचे. अशा विणीला त्यांच्याकडे 'अल्लुच्चोलातो' म्हणतात. नावावर हसू नका, लुच्चोला म्हणजे काजवा. मेणबत्त्यांच्या उजेडात बाई नुसती वळली तरी अंगभर काजवे लुकलुकत असतील. आपल्या हॉलमधल्या हॅलोजनखाली ते कळायचं नाही.

नक्षीप्रमाणे लवेचा प्रत्येक धागा कमीजास्त खपतो, म्हणून प्रत्येक धाग्याची बॉबिन वेगळी, आणि अशा शेकडो. व्हेनिसमध्ये लुइजी बेव्हिलाक्वा हे घराणं १८७५ पासून आहे. त्यांच्याकडे जुन्या हातमागांवर अशी मखमल आजही विणतात. दिवसभर बसून होतं जेमतेम फूटभर.

एवढी विद्या डोक्यात भरून मी दुकानात गेले आणि मखमल दाखवायला सांगितलं. मुलीने पहिलाच तागा धाडकन उघडला आणि म्हणाली, "ही इटालियन वेल्वेट. चारशे ऐंशी."

"इटालियन म्हणजे कुठून येते?"

"काकू, इटालियन म्हणजे फिनिशिंग."

ताग्याच्या पुठ्ठ्यावर सुरतेचा शिक्का होता. माझं सुरतेशी काही वाकडं नाही. मी कडेचा एक धागा ओढून मागितला आणि काडीवर धरला. वितळून काळा मणी झाला. पॉलिस्टर. तेवढ्यात मालकीण मागून आली. पस्तिशीची असेल, कानात पेन्सिल, गळ्यात टेप. तिने मला एकदा न्याहाळलं आणि मुलीला म्हणाली, "काकूंना वरचा तागा काढ." वरचा तागा व्हिस्कोसच्या लवेचा. त्याचा धागा कागदासारखा जळला, राख झाली. चौदाशे पन्नास रुपये मीटर. खरी रेशमी लव नव्हे, पण हातात घेतल्यावर घडी पाण्यासारखी पडत होती. जिने धागा जाळू दिला आणि तोंड वाकडं केलं नाही, त्या बाईवर मी तिथेच विश्वास टाकला. हा या दुकानाचा पहिला गुण.

रंग मी किरमिजी घेतला. मालकीण त्याला 'मरून' म्हणत होती. मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. किरमिजी हा शब्द अरबी 'किरमिझ'वरून आलेला. ओकच्या झाडावर बसणारा एक किडा, त्याची मादी वाळवून कुटली की हा रंग निघतो. इटालियन लोक त्याच रंगाला 'क्रेमिझी' म्हणत, शब्द त्याच अरबी मुळातला. हे किडे वाळले की धान्याच्या दाण्यासारखे दिसत, आणि महाग इतके की कापडाच्या एकूण किमतीत रंगाचाच वाटा डोळ्यांत भरायचा. म्हणून लबाडीही चालायची. स्वस्त रंगात बुडवून क्रेमिझी म्हणून खपवायची. त्यावर त्यांच्या व्यवसाय-संघांनी तोड काढली ती काठाची. कापडाचा काठ कुठल्या रंगाचा विणायचा याचे नियम केले, म्हणजे गिऱ्हाइकाने काठ बघून दर्जा ओळखावा. पैठणीचा पदर उलटून मागची बाजू बघणाऱ्या आपल्या आज्या व्हेनिसच्या बाजारात अजिबात फसल्या नसत्या.

माप देताना मास्तरांनी विचारलं, "गळ्याला बकरम टाकू ना?" मला एकदम हसू आलं. त्या बिचाऱ्यांना वाटलं, गुदगुल्या झाल्या. तेराव्या शतकाच्या शेवटी व्हेनिसचा मार्को पोलो ठाण्याबद्दल सांगून गेलाय, की इथून कातडं, कापूस आणि चांगलं बकरम बाहेर जातं. त्या काळी बकरम म्हणजे बारीक सुती कापड. आता तो शब्द गळ्याला कडकपणा आणण्यापुरता उरलाय. मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग टाकू ना?" टाका म्हटलं.

आता पोटमाळा. खरं परीक्षण त्याचंच आहे.

वर चार अड्डे. अड्डा म्हणजे लाकडी चौकट, त्यावर कापड ढोलासारखं ताणलेलं, आणि दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेले कारागीर. डाळिंब मीच काढून नेलं होतं, टूरच्या फोटोवरून, ट्रेसिंग पेपरवर. मुख्य कारागिरांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणायला लागले. साठीच्या पुढचे, मूळचे बरेलीचे, चाळीस वर्षं ठाण्यात काढलेली, मराठी ऐकून समजतं आणि रागावले की बोलताही येतं. त्यांनी माझं चित्र घेतलं, खाली घोंगडी पसरली आणि सुईने रेघांवर भोकं पाडत गेले. त्याला खाका म्हणतात. मग खाका मखमलीवर ठेवून पांढरी पावडर रॉकेलमध्ये कालवून बोळ्याने पुसली. कागद उचलला तर खाली ठिपक्यांचं डाळिंब.

मला शाळेचे दिवस आठवले, आणि इटलीही. तिथले चित्रकार भिंतीवर चित्र उतरवायला हेच करायचे. कागदाला भोकं, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी. आणि तिथे भरतकामाची आकृती काढून देणं हे चित्रकाराचंच काम असायचं, भल्याभल्या चित्रकाराचं. आंतोनिओ देल पोल्लायुओलो म्हणजे त्या काळातला पहिल्या रांगेतला माणूस. त्याने फ्लॉरेन्सच्या बॅप्टिस्ट्रीतल्या, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या देवळातल्या, धर्मगुरूंच्या वस्त्रांसाठी संत योहानाच्या आयुष्यातले प्रसंग काढून दिले. १४६६ च्या सुमारास काम सुरू झालं आणि भरणाऱ्यांना वीस वर्षं लागली. त्यातले सत्तावीस तुकडे तिथल्या कॅथेड्रलच्या म्युझियममध्ये आहेत. आमच्या टूरवाल्यांनी त्या वेळात सगळ्यांना चामड्याच्या दुकानात नेलं होतं. मी आणि आमचे हे तिकडे न जाता म्युझियममध्ये गेलो. पट्टा घ्यायचा राहिला म्हणून ते अजून ऐकवतात.

त्या तुकड्यांतली युक्ती अशी. आधी सोन्याची जर आडवी टाकतात, दोरीला दोरी लागून, अख्खी जमीन सोन्याची. मग वरून रंगीत रेशमाचे आखूड टाके घालून ती जर जागेवर बसवतात. जिथे सावली हवी तिथे टाके दाट, जिथे उजेड हवा तिथे विरळ, म्हणजे खालचं सोनं तेवढं दिसतं. पेन्सिल शेडिंगच ते, फक्त कागदाच्या जागी सोनं. माझ्या मनात आलं, डाळिंबाचे दाणे असे का करू नयेत?

चाचांना फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, फोन नाकाशी धरला, आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "टांका तो अपनाच आहे. पण सोनं खाली घालून झाकायचं? एवढं कोण खर्च करतो?" मी म्हटलं, "ज्याला दाखवायचं असतं तो." ते हसले. मग एका पोराला हाक मारून चिंधीवर दोन इंचाचं डाळिंब करून बघितलं. कडा दबक्याची. दबका म्हणजे स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार, ती बारीक तुकडे करून मण्यासारखी ओवतात. आतले दाणे मी सांगितले तसे, आडवी जर आणि वर किरमिजी रेशीम, एका कडेला दाट, दुसरीकडे विरळ. पहिल्या प्रयत्नात दाणे दात किडल्यासारखे दिसले. दुसऱ्यात टाके फार दाट पडले, सोनं गुडुप. तिसऱ्या वेळी त्यांनी पोराला उठवलं आणि स्वतः बसले. वीस मिनिटांत एका दाण्यावर असा उजेड पडला की मी खुर्ची ओढून जवळ बसले. कडेच्या टाक्यांत त्यांनी न सांगता एक धागा काळा मिसळला होता. हे मी सांगितलं नव्हतं.

चहा आला. मी त्यांना आणखी एक फोटो दाखवला, सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या झग्याचा. लाल रेशीम, मधोमध खजुराचं झाड, दोन्हीकडे उंटावर झडप घातलेला सिंह, सगळं सोन्याच्या तारेत आणि मोत्यांत भरलेलं. तो झगा आता व्हिएन्नात आहे. राजा ख्रिस्ती, पण कडेने अरबी लेख भरलाय, की हे वस्त्र पालेर्मोच्या शाही कारखान्यात हिजरी ५२८ साली बनलं. म्हणजे इसवी सन ११३३-३४. चाचा म्हणाले, "अक्षर अरबी आहे, पण वळण फार जुनं, वाचता येत नाही." मग शेजारच्या अड्ड्यावरच्या सगळ्यांना फोन फिरवला. तोवर माझा चहा गार झाला होता. लुक्का म्हणून एक गाव होतं, इटलीतल्या रेशमाचं माहेर. १३१४ साली ते लुटलं गेलं आणि तिथले विणकर व्हेनिसला, फ्लॉरेन्सला, बोलोन्याला पांगले. तेही मी सांगितलं. चाचांनी एवढंच विचारलं, "वहाँ जाके काम मिला?" मिळालं म्हटलं, भरपूर मिळालं.

आता पैसे. मखमल सव्वा मीटर, भरतकाम १४,०००, शिलाई २,२००. एकूण १८,०१२ झाले, वरचे १२ सोडले. घरी आकडा सांगितला तेव्हा आमचे हे पंख्याकडे बघत राहिले. मग मी त्यांना फ्लॉरेन्सच्या एका आईची गोष्ट सांगितली. आलेस्सांद्रा स्ट्रोझ्झी, विधवा बाई. १४४७ साली तिने लेकीचं, कातेरिनाचं, लग्न मार्को पारेंती या रेशमाच्या व्यापाऱ्याशी ठरवलं. मुलगा लांब नेपल्सला होता, त्याला ती पत्रात कौतुकाने कळवते, की जावयाने पोरीला किरमिजी मखमलीचा झगा करायला घेतलाय, आणि ती घराबाहेर पडेल तेव्हा तिच्या अंगावर चारशे फ्लोरिनांहून जास्त असतील. एका फ्लोरिनमध्ये साडेतीन ग्रॅम सोनं. हिशेब करा. १ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे आपले १४० तोळे. अंगावर, चालतं-फिरतं. आणि त्या गावची रीत अशी की नवऱ्याने चढवलेले हे कपडे नवऱ्याच्याच मालकीचे राहायचे. आमचे हे म्हणाले, "रीत वाईट नाही." त्या दिवशी चहा त्यांनीच केला.

त्या गावात सरकारलाही हा दिखावा खुपायचा. १३४३ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बायकांचे मनाई असलेले कपडे नोंदवहीत चढवायला लावले. आधीपासूनचा झगा असेल तर नोंद करा, शिक्का मारून घ्या, मग घाला. रस्त्यात अडवून तपासायला माणसं नेमलेली. त्यांची एक जुनी गोष्ट आहे. अधिकारी एका बाईला म्हणतो, बाई, एवढी बटणं चालत नाहीत. ती म्हणते, ही बटणं कुठे आहेत? काजं दाखवा बघू! दुसरीच्या झग्याला मनाई असलेली फर, ती सांगते, हा तो प्राणीच नव्हे. अधिकारी वही मिटून घरी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या नोटिशीचं हेच होतं. व्हेनिसने १५१४ साली थाटमाटावर लक्ष ठेवायला कायमचं खातंच काढलं. लोक दंड भरायचे आणि घालायचे. पण १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री आला तेव्हा त्याच सरकारने नियम बाजूला ठेवून बायकांना दागदागिने घालून पुढे यायला सांगितलं. पाहुणा आला की ट्रंकेतली चादर निघते, तसंच.

माझ्या ब्लाऊजची जर टेस्टेड आहे, म्हणजे आत तांबं. खरी चांदीवरची घेतली असती तर भरतकामाचाच खर्च कुठल्या कुठे गेला असता, आणि काळी पडू नये म्हणून जपत बसले असते. मालकिणीने तिन्ही जरी समोर ठेवल्या. असली, टेस्टेड, प्लास्टिक. आणि कुठली कुठली आहे हे न विचारता सांगितलं. हा दुसरा गुण. आमच्या आजीचा बनारसी शालू १९७४ साली दारावरच्या जरवाल्याला दिला होता. ओट्यावरच त्याने घमेल्यात जाळला. मी आठवीत होते. रेशमाचा केस जळल्यासारखा वास दोन दिवस घरात होता आणि घमेल्याच्या तळाशी चांदीचा काळसर गोळा उरला होता. त्या पैशांत माझी वर्षाची फी, वह्या आणि एक रंगपेटी आली. युरोपातही जुनी जरीची वस्त्रं अशीच जाळून धातू काढायचे, म्हणून त्यातली फार थोडी उरली. एलिओनोरालाही त्या डाळिंबाच्या झग्यातच पुरलं असं लोक बरीच वर्षं समजत होते. थडग्यातला झगा निघाला तो निराळाच. साधं साटीन, मखमलीच्या पट्ट्या. तो आता पित्ती राजवाड्यात जपून ठेवलाय. काही अभ्यासकांना तर वाटतं की चित्रातला झगा शिवलाच गेला नसावा, चित्रकाराच्या हातात फक्त कापडाचा तुकडा असावा. माझा झगा तरी शिवला गेला, भले बाही उलटी.

बाहीचं पुढे काय झालं? मालकीण आधी गप्प राहिली, मग मास्तरांना हाक मारली, मग माझ्यासमोर त्यांना बोलली नाही, हे मला आवडलं. मला म्हणाली, "काकू, बाही नवी देते, पैसे नाही घेणार. पण आठ दिवस द्या." लागले अकरा. मधे तीन फोन मी केले, त्यांनी एकही केला नाही. हा दोष ठळक लिहून ठेवते. ऑर्डर दिली की हे लोक फोन करत नाहीत, तुम्हीच पाठी लागायचं. अस्तरही बाहेरून सुरेख आणि आतून खरबरीत निघालं, ते मी घरी बदलून घेतलं. काखेत दोन टाके सैल होते. आणि शिलाईच्या बिलावर मापं लिहिलेली नव्हती, पुढच्या वेळी पुन्हा सगळी मापं द्यावी लागणार.

नव्या बाहीची लव मात्र चाचांनी स्वतः उभं राहून बघून घेतली. जाताना हळूच म्हणाले, "दीदी, खरं तर उलटी होती तीच बरोबर. मखमलची लव वर ठेवली तर रंग खुलतो. आम्ही पूर्वी तशीच ठेवत होतो." म्हणजे पाठ, पुढा आणि डावी बाही, सगळं चुकलेलं आणि एक उजवी बाही तेवढी बरोबर! मी कपाळावर हात मारून घेतला. पण तोपर्यंत घरी गुरुजींनी मुहूर्ताची तांदूळ-सुपारी मांडली होती.

लग्नात विहीणबाईंनी पहिल्यांदा पैठणीचा पदर पाहिला, मग माझा दंड धरून बाहीवर बोट फिरवलं, खालून वर. उजळ किरमिजीवर एक गडद पट्टा उठला. "इटालियन का हो?" म्हणाल्या. मी पट्टा पुसून लव सरळ केली आणि म्हटलं, "फिनिशिंग."

पाचपैकी चार. एक बाहीसाठी कापला, फोनचा अर्धा मी मोठ्या मनाने सोडला. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, कारखाना नमाजासाठी बंद असतो. गाडी तलावपाळीला लावून चालत जा. धागा जाळून मागा. मखमल घेणार असाल तर मार्किंग करताना समोर उभ्या राहा आणि लव वर हवी म्हणून सांगा. गेल्या आठवड्यात फॉल लावायला गेले तर ती नापास झालेली उजवी बाही काउंटरमागे फ्रेममध्ये टांगलेली होती, खाली मालकिणीच्या अक्षरात चिठ्ठी: 'इटालियन वर्क, ऑर्डरप्रमाणे करून मिळेल.' भाव माझ्यापेक्षा तीन हजारांनी जास्त लिहिलाय.